सापाजवळ बसणारे बाबूजी

त्यांना मातीत ठेवलं त्या दिवशी त्यांचा फोन माझ्या पिशवीत होता. साडेअकरा वाजता तो वाजला. मी उचलला. पलीकडून एक बाई म्हणाली, "साप निघाला जी. या." मी सांगितलं, "ते वारले." मग म्हणाली, "मंग आता कोन येईल?"

तिला मी काय सांगितलं ते शेवटी लिहिते. आधी ते कोण होते ते सांगायला हवं.

अड्याळमध्ये त्यांना सगळे बाबूजी म्हणत. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी सगळी नोकरी काढली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तो नोंदवहीत चढवायचा आणि ज्याचा असेल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. "पस्तीस वर्षांत माझ्या नावाचा एकही कागद आला नाही, बाई," ते सांगत. "निवृत्तीचा आदेश आला तेवढाच. त्यावर आवकचा शिक्का मीच मारला."

वाचनालयात ग्रंथपाल म्हणून मी इथं आले तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली दोन महिन्यांपुरती घेतली होती. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ते मला "बाई" म्हणत. माझ्याशी ते चर्चमधल्या पुस्तकी मराठीत बोलत, शेजाऱ्यांशी इकडच्या बोलीत, आणि चिडले की दोन्ही एकत्र करत. "खचित" हा शब्द त्यांनी प्रार्थनेतून उचलून थेट स्वयंपाकघरात आणला होता. भाजी खचित खारट असायची, दूधवाला खचित पाणी घालायचा. एकदा शेजाऱ्याची म्हैस अंगणात शिरली, तेव्हा ते पायरीवर उभे राहून तिच्याकडे बोट दाखवत शेजाऱ्याला म्हणाले, "हे खचित तुमचीच हाये. घेऊन जा जी."

त्यांच्या घराण्यात एक गोष्ट प्रत्येकाकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती. तिला ते पाचारण म्हणत. देव माणसाला नावानं हाक मारतो, अमुक लोकांची सेवा कर म्हणतो, आणि त्यानंतर त्या माणसाला दुसरं काही करता येत नाही, असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. वडील सुवार्तिक, सायकलवरून गावोगाव उपदेश करत फिरणारे. त्यांना पाचारण झालं ते जंगलातल्या रस्त्यावर, सायकलची साखळी बसवत असताना. थोरले भाऊ चर्चचे पाळक. ते परीक्षेचा पेपर अर्धा टाकून उठले होते. ("गणिताचा होता," बाबूजी आवाज खाली आणून सांगत.) बहीण परिचारिका. तिला विहिरीवर हाक ऐकू आली, आणि हातातला दोर सुटून बादली आत गेली. ती बादली कधी सापडली नाही, हाही त्या गोष्टीचा भाग होता. नाताळला सगळे भंडाऱ्याला भावाच्या घरी जमत आणि जेवणं झाली की एकेकाची गोष्ट निघे. बाबूजींची पाळी जवळ आली की ते उठत आणि करंज्यांचं ताट घेऊन फिरू लागत. "मी वाढतो," म्हणत.

पाचारण हा शब्द मला पुस्तकी वाटायचा. त्यांनी तो माझ्यासाठी इकडच्या रिवाजात बसवून दाखवला.

इकडे लग्नाचं जेवण दोनदा सांगतात. आधी आवतन येतं, की अमुक दिवशी जेवायला या. मग त्या दिवशी पंगत मांडली गेली की घरचा कोणीतरी दारोदार फिरतो, "चला जी, जेवाले चला." ते बलावणं. ते आल्याशिवाय मानी माणूस घरातून हलत नसे. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि बलावणं करत फिरणं कमी झालं, पण बाबूजींनी आपल्या बाजूनं रिवाज मोडला नव्हता. सख्ख्या पुतणीच्या लग्नात ते इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून, मांडवापासून तिसऱ्या घरात, जिथं त्यांची उतरायची सोय केली होती, तिथं खुर्चीवर बसून राहिले. पंगतीमागून पंगती उठल्या. संध्याकाळी नवरी निरोप घ्यायला आली आणि तिनं विचारलं, "काका, जेवलात ना?"

"आवतन होतं," बाबूजी म्हणाले. "बलावणं नाही आलं."

नवरी रडत होती, ती हसायला लागली. मग कोणीतरी पळत जाऊन पत्रावळ घेऊन आलं. ती त्यांनी नाकारली, कारण आणून देणं म्हणजे बलावणं नव्हे.

"बाप्तिस्मा म्हणजे आवतन," ते मला म्हणाले. "ते मला तीन महिन्यांचा असताना मिळालं. बलावणं व्हायचं आहे." त्या वेळी ते सत्तरीला टेकले होते आणि पायरीवर बसून बूट पुसत होते. ते बूट रोज पुसले जात. एवढे पुसलेले बूट घालून ते जात कुठे, तर दळण आणायला.

या बाबतीत त्यांचा धीर सुटलेला मी एकदाच पाहिला, माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात. शेजाऱ्याच्या शेतात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालला होता आणि बाया कमी पडल्या होत्या. बाबूजींच्या मनात आलं की सेवा सेवाच असते, वाट किती पाहायची. कोणाला न विचारता ते विजार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले. पऱ्ह्याची, कोवळ्या रोपांची, एक जुडी घेतली आणि शेताच्या मधोमध जाऊन रोपं लावू लागले. आवक-जावकच्या नोंदी जशा लिहीत तशीच, एकेक रोप सरळ उभं आहे का ते पाहून. बाया झपाझप मागे सरकत लावत होत्या. अर्ध्या तासात त्यांचं सगळं शेत लावून झालं, आणि बाबूजी चहूकडून हिरव्या रोपांनी वेढले गेले. पाय ठेवायला जागा उरली नाही. पाय टाकला तर नुकतं लावलेलं रोप मोडणार, आणि तसं ते करणार नाहीत हे बायांना ठाऊक होतं.

"बाबूजी, आता कापनीलेच निघा जी," एक म्हणाली.

"राहू दे वं त्यायले. पाखरं नाई बसत," दुसरी म्हणाली.

शेवटी शेताच्या धन्यानं एक ओळ उपटून वाट काढून दिली. घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि मला म्हणाले, "बलावणं नसताना गेलो. म्हणून असं झालं." त्या दिवशी त्यांनी दोन नियम ठरवले. बोलावल्याशिवाय जायचं नाही. बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या नियमाचा त्यांना पुढची सहा वर्षं उपयोग झाला नाही, कारण त्यांना कोणी बोलावलंच नाही.

मोबाइल त्यांना पुतण्यानं आणून दिला. हा पुतण्याही पाळक, नागपूरला असतो, चांगला माणूस आहे, पण साधं बोलतानाही समोर मंडळी बसलीय असं बोलतो. बाबूजींनी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तो वाजत नसे. रविवारी पुतण्याचा फोन यायचा तेवढाच.

गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा जी गावं उठली त्यांतलं एक अड्याळहून मोपेडवर अर्ध्या तासाच्या वाटेवर वसलं आहे. सरळ रस्ते, नंबर घातलेली घरं. पाण्यानं माणसांसारखेच सापही उठवले होते आणि तेही नव्या जागी आले. तेव्हा त्या गावात बसथांब्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, "साप निघाल्यास मारू नका, फोन करा", आणि खाली नंबर. तो पवनीच्या एका पंक्चरवाल्याचा होता, तो साप पकडून जंगलात सोडतो. नंबराचा शेवटचा आकडा एक. पेंटरचा ब्रश जास्त भरला, एकाला खालून ओघळ आला, आणि देवनागरी एकाला ओघळ आला की तो नऊ दिसतो. नऊवाला नंबर बाबूजींचा होता.

पहिला फोन आला तेव्हा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. दुपारचे चार वाजले असतील. बाबूजी पिशवीतून फोन काढेपर्यंत तो दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा सापडला.

"हॅलो," पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला दोरीपाशी ऐकू येत होतं. "साप निघाला. लवकर या जी."

"मी?" बाबूजी म्हणाले.

"तुमालेच त फोन लावला. दुसऱ्या कोनाले लावला का?"

बाबूजींनी पत्ता विचारला, दोनदा म्हणून घेतला, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, बलावणं आलं."

"तुम्हाला साप पकडता येतो?"

"नाही."

हे खरं होतं. पावसाळ्यात मोरीत गांडूळ आलं तरी ते मला हाक मारत आणि मी ते कागदावर घेऊन बाहेर टाकेपर्यंत दिवाणावर पाय वर घेऊन बसत. पण बूट पुसलेले होते. त्यांनी छत्री घेतली, मोपेडला तीन किका मारल्या आणि गेले. मी कपडे तसेच टाकले आणि वाचनालयात जाऊन फायलीतून पंक्चरवाल्याचा नंबर शोधला आणि त्याला फोन लावला.

तिथं काय झालं ते मला त्या गावातल्या एका म्हातारीकडून कळलं. पुढे आमची ओळख झाली. साप तिच्याच घरात निघाला होता, धान ठेवायच्या बांबूच्या ढोलीमागे. बाबूजी पोचले तेव्हा सगळी आळी दारात उभी होती. त्यांनी एक खुर्ची मागितली. साप पकडायला खुर्ची लागत असेल असं समजून लोकांनी ती दिली. त्यांनी ती दारात, ढोलीपासून जमेल तितकी लांब ठेवली, वर बसले, पाय वर घेतले, छत्री मांडीवर आडवी धरली आणि ढोलीकडे बघत राहिले.

"पकडत काहून नाई?" कोणीतरी विचारलं.

"मी पकडनारा नोहो."

"मंग कायले आले?"

"तुमीच बलावलं ना," बाबूजी म्हणाले. "मी पायतो त्याच्याकडे. तुमी आपापली कामं करा."

लोक हसले, मग चिडले, मग कंटाळले. पण त्यात एक गोष्ट झाली. घरात साप दिसला आणि नजरेआड झाला की त्या घरात कोणाला चूल पेटवता येत नाही. इथं कोणीतरी त्याच्याकडे बघत होतं. म्हातारी आत गेली, चहा ठेवला. सुनेनं पोर पाळण्यात टाकलं. ज्यांच्या हातात काठ्या होत्या त्यांनी त्या भिंतीला टेकवल्या, कारण बाबूजींच्या खुर्चीवरून काठी नेता येत नव्हती. तासाभरानं पंक्चरवाला आला आणि आत शिरला. बाबूजी ताबडतोब खुर्चीवरून उतरले आणि मागे न बघता मोपेडपाशी गेले. पकडताना त्यांनी एकदाही पाहिलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. धामण होती.

त्यानंतर आठवड्याला एखादा तरी फोन येऊ लागला. आला की बाबूजी आधी पंक्चरवाल्याला कळवत आणि मग स्वतः निघत. पंक्चरवाला पस्तिशीचा, हसरा. सुरुवातीला तो कुरकुरला. "बाबूजी, माह्ये फोन तुमी घेऊन राहिले."

"मी फक्त आवक बघतो," बाबूजी म्हणाले. "तुम्ही जावक."

सापाजवळ बसून ते काय करत, असं मी म्हातारीला विचारलं. "बोलत रायते," ती म्हणाली. "आमाले विचारते, जुनं गाव कसं होतं, घर कोन्या तोंडाचं होतं. कोनी विचारत नाई ना आता." एकदा तिनं त्यांना विचारलं, "तुमच्या देवाचं सापावर लई मन हाये का जी?"

"नाई बाई," बाबूजी प्रामाणिकपणे म्हणाले. "आमच्या शास्त्रात पह्यल्याच पानांत त्याचं नाव खराब हाये. जुनं भांडन हाये."

"मंग कायले बसता त्याच्यापाशी?"

"त्याच्यापाशी नाई. तुमच्यापाशी."

त्या वर्षी नाताळला, भावाच्या घरी, त्यांनी करंज्यांचं ताट उचललं नाही असं मी ऐकलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली. दुपारी चार वाजता, वऱ्हांड्यात, तिसऱ्यांदा वाजल्यावर. मग बहीण म्हणाली, "राँग नंबर होता तो, दादा," आणि सगळे पोट धरून हसले. बाबूजीही हसले. घरी आले तेव्हा मला म्हणाले, "त्यांना पटलं नाही. पण मी सांगितली."

फोन सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात कालव्याच्या रस्त्यावर मोपेड घसरली आणि त्यांचा उजवा हात मोडला. पुतण्या नागपूरहून आला. वऱ्हांड्यात उभा राहून तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. हा पेंटरच्या चुकीचा खेळ किती दिवस चालू द्यायचा?" त्याचं चुकत नव्हतं. मी फार बोलणारी बाई नाही, पण चूक दिसली की दुरुस्त करायची मला सवय आहे. पुस्तकावर चुकीचा क्रमांक असला तर मला तो बघवत नाही. मी बसनं त्या गावी गेले, पेंटरला गाठलं आणि भिंतीसमोर उभी राहून नवाचा एक करून घेतला. बाबूजींना काही सांगितलं नाही.

फोन बंद झाले.

हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत त्यांना ते सोयीचं वाटलं. "थांबलेत माझ्यासाठी," ते म्हणत. प्लास्टर निघालं. ते बूट पुसून वऱ्हांड्यात बसू लागले. पंधरा दिवसांनी त्यांनी मला आपल्या फोनवर फोन करायला सांगितला, वाजतो का बघायला. वाजला. मग ते फोन घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदारानं सांगितलं, फोन ठणठणीत आहे. "मग माझ्यातच काही बिघडलं असेल," ते म्हणाले, आणि हे त्यांनी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

ते आपली पापं तपासू लागले. ती फार नव्हती, त्यामुळे त्यांना लांब जावं लागलं. कचेरीतून घरी आणलेली टाचण्यांची डबी त्यांनी शोधून काढली आणि परत द्यायला गेले. तिथं आता सगळं संगणकावर चालतं, टाचण्या घ्यायला कोणी तयार होईना. ती डबी घेऊन ते टेबलाटेबलावर फिरले. मग शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या म्हशीबद्दल बोललेल्या शब्दांची क्षमा मागितली. एका संध्याकाळी ते माझ्या दाराशी आले, आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, तुम्ही गावी गेला होतात तेव्हा तुमच्या बरणीतल्या लोणच्याच्या दोन फोडी मी खाल्ल्या. खचित दोनच."

ते क्षमा मागत होते आणि गुन्हा माझा होता.

त्याच आठवड्यात माझ्या स्कूटरचं चाक बसलं म्हणून मी पवनीला पंक्चरवाल्याकडे गेले. ट्यूब पाण्यात दाबून धरत तो म्हणाला, "मॅडम, लोकं विचारून राहिले, थो बसनारा कुठी गेला? परवा मी भंडाऱ्याले होतो. थे म्हातारी चार घंटे अंगनात एकटीच खाटेवर बसून होती. मले पाह्यलं त म्हने, पकडनारा उशिरा आला तरी चालते, बसनारा पह्यले पायजे."

मी घरी येऊन बाबूजींना सगळं सांगितलं. ओघळ, नऊ, एक, पुतण्या, मी. ते ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते दुखावतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे पहिल्यापासून पेंटरची चूक?"

"हो."

मग त्यांनी मला त्यांच्या शास्त्रातली एका पोराची गोष्ट सांगितली. ते देवळात झोपलेलं असताना त्याला हाक येते आणि ते उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावतं. याजक म्हणतो, मी नाही हाक मारली, जाऊन नीज. असं तीनदा होतं. "तिन्ही वेळा पोरगा चुकीच्या माणसाकडे गेला, बाई," बाबूजी म्हणाले. "पण तिन्ही वेळा उठला." मग त्यांना कचेरी आठवली आणि आवाज बदलला. "आणि चुकीच्या टेबलावर आलेला कागद आम्ही फेकत नसू. आवक नोंदवायची आणि पुढे पोचवायचा. मी नियमानंच वागत होतो."

मी मान हलवली.

"बरं, आता पंक्चरवाला येईपर्यंत त्यांच्यापाशी कोण बसतं?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी पुन्हा पेंटरकडे गेले. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवर कोणाच्या तरी मुलाचं नाव काढत होता. मी काम सांगितलं. त्यानं ब्रश डब्यात ठेवला.

"मॅडम, पह्यले म्हनलं नवाचा एक कर. आता म्हनता एकाचा नऊ कर. तुमी शिकले-सवरलेले लोक काहून असे करता?"

"नऊच बरोबर आहे."

"थ्या दिवशी त एक बरोबर होता."

"त्या दिवशी माझी चूक झाली."

"ओघळ आपोआप येते जी," तो म्हणाला. "मुद्दाम काढाले हात नाई चालत." तरी त्यानं काढला. तीन वेळा पुसून काढला, कारण पहिले दोन फार नीट आले होते.

गुरुवारी फोन वाजला. बाबूजी उठले, बूट घातले आणि उजवा हात उचलून पाहिला. तो खांद्याच्या वर जात नव्हता. मी स्कूटरची किल्ली घेतली.

"मला बलावणं नाही," मी म्हणाले. "मी फक्त सोडायला येते."

"खचित," ते म्हणाले. "तुम्ही ड्रायव्हर."

असं पावणेदोन वर्षं चाललं. मी बाहेर स्कूटरपाशी पुस्तक वाचत थांबायची. नंतर नंतर आत ओट्यावर बसू लागले, कारण म्हातारी पुस्तक मिटवून चहा हातात द्यायची. एकदा मण्यार होती, तेव्हा बाबूजी पाय खुर्चीवर घेऊन म्हातारीला तिच्या जुन्या घराच्या परसातल्या लिंबाबद्दल विचारत होते. लिंबं मोठी यायची का? रस निघायचा का? किती निघायचा? आवाजात काही कळत नव्हतं. पाठीमागून मला त्यांच्या सदऱ्यावर घाम फुटलेला दिसत होता.

गेले ते साधेपणानं. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. बूट खाटेखाली होते, पुसलेले.

दफनाला त्या गावाहून ट्रॅक्टर भरून माणसं आली. ख्रिस्ती मातीचा रिवाज त्यांना ठाऊक नव्हता. ती कडेला ओळीनं उभी राहिली. पेटी खाली सोडायच्या आधी पंक्चरवाला पुढे झाला, खड्ड्यात वाकून चारी कोपरे नीट पाहिले आणि पुतण्याला म्हणाला, "काही नाई जी. सोडा." पुतण्या गोंधळला, पण त्यानं मान डोलावली.

मग तो बोलला. चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, "आमच्या घराण्यात अनेकांना सेवेचं पाचारण झालं. काकांना ते झालं नाही. तरीही ते अखेरपर्यंत विश्वासू राहिले."

तेव्हा माझ्या पिशवीत फोन वाजला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला जाऊन उचलला. तो साडेअकराचा फोन. त्या गावातली माणसं ट्रॅक्टरवर अड्याळला आली होती आणि जी मागे राहिली होती त्यांच्यातल्या, बातमी न पोचलेल्या एकीच्या घरात साप निघाला होता. मंग आता कोन येईल, तिनं विचारलं.

समोर लोक एकेक करून माती टाकत होते. पंक्चरवाला माझ्याकडे बघत होता. त्यानं ओळखलं होतं, आणि तो गाडीची किल्ली खिशात चाचपत होता. पण तो मातीपाशी थांबला, कारण मूठभर माती टाकायची त्याची पाळी यायची होती.

"दार उघडं ठेवा," मी फोनवर म्हणाले. "काठी घेऊ नका. एक खुर्ची काढून ठेवा."

पुतण्यानं नंतर काकांच्या फोनचं काय करायचं ते विचारलं, तेव्हा तो मी मागून घेतला. भिंतीवर नऊ आहे. फोन रोज चार्ज करते. मला साप पकडता येत नाही.